जिभेला विचारा

मन्मथअप्पा डिझेल चाखतात. पीत नाहीत, चाखतात. हा फरक त्यांनी मला दोनदा समजावून सांगितला आहे. बाटलीत करंगळी बुडवायची, जिभेच्या शेंड्याला लावायची, डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचं आणि ओट्याखाली थुंकायचं. मग निकाल. "चांगलं हाय, ओता." किंवा, "ह्यात रॉकेल हाय, दिव्यात घाला." डोळे मिटलेले असताना मध्येच कुणी बोललं, तर अप्पा बाटली तशीच परत देत आणि उद्या या म्हणत.

अप्पा माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि तिच्यातून सगळं ऐकू येतं. तेर गावात बाहेरची माणसं जुनी देवळं बघायला येतात, पण पंचक्रोशीतले ट्रॅक्टरवाले आणि जीपवाले यायचे ते अप्पांच्या ओट्यावर. धाराशिवला त्यांचं पंप-नोझल दुरुस्तीचं दुकान होतं. डिझेल इंजिनातला पंप खोलायचा, मापात बसवायचा आणि परत द्यायचा, हे काम त्यांनी जन्मभर केलं. गुडघे गेले तेव्हा दुकान दुसऱ्याला देऊन गावी आले. हातातलं काम सुटलं, जिभेवरचं राहिलं.

मी शाळेत मराठी शिकवतो. गाडीतला मला हॉर्न तेवढा नीट कळतो. अशा माणसानं नवी डिझेल गाडी घ्यावी हेच मुळात चुकलं, पण घेतली. घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी गोंधळलेलो आहे. गाडीसोबत एक जाडजूड पुस्तक आलं, त्यात तीन ठिकाणी लिहिलं होतं की उच्च दाबाच्या पंपाची काळजी घ्या. कशी घ्या, हे चौथ्या ठिकाणी असावं, ते पान मला सापडलं नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "सर, पंपाला काही होत नाही, निर्धास्त राहा." आणि लगेच म्हणाला, "फक्त टाकी कधी अर्ध्याखाली नेऊ नका." काही होत नसेल तर का नेऊ नये, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. स्टाफरूममध्ये विचारलं, तर गणिताचे सर म्हणाले, हे नवे पंप भरवशाचे नाहीत. इतिहासाचे सर म्हणाले, जुनेच भरवशाचे नव्हते.

शेवटी अप्पांना विचारलं.

"सर, जुना पंप म्हंजी आपला बैल," अप्पा म्हणाले. "कडबा टाका, सरमाड टाका, चालतोय. ह्यो नवा पंप म्हंजी तालमीतला पैलवान. ताकद इचारू नका. पन खुराक चुकला की झोपला."

"पण त्याला ऑइल असेल ना वेगळं?"

"तितंच तर गंमत हाय. त्येला येगळं ऑइल न्हाय. डिझेल हेच त्येचं जेवन, आन् तेच अंगाला लावायचं त्याल. डिझेलमधी भेसळ झाली की त्याल गेलं. मग लोखंडावर लोखंड घासतंय, बारीक चुरा निघतोय, त्यो चुरा नोझलमधी जातोय. मग एकटा पंप न्हाय जात, समदं खानदान जातंय."

"मग भरवशाचा का नाही, अप्पा?"

"पंप भरवशाचा हाय, सर. माणूस न्हाय." हे त्यांचं आवडतं वाक्य. त्याच्या मागोमाग दुसरं यायचं. "म्हणून म्हनतो, मशिनला इचारू नका, जिभेला इचारा."

ही जीभ काय चीज होती ते आम्हांला भिंतीपलीकडून रोज कळायचं. अप्पांच्या बायकोचं नाव शिवकांता, गाव त्यांना काकू म्हणतं. रोज दुपारी काकू ताट वाढत आणि अप्पांचा निकाल लागे. "मीठ कमी." "फोडणी करपली." "ह्या आमटीत हळद हाय का हळदीत आमटी?" डिझेलच्या बाटलीला लावायचे तीच कसोटी ते पिठल्यालाही लावत. मग काकूंच्या हातातली भांडी जोरात वाजायची. माझी बायको म्हणायची, ह्या बाईनं लग्नापासून रोज परीक्षा दिली आणि एकदाही पास झाली नाही.

मग कोरोनाच्या काळात अप्पांना ताप आला. दोन आठवडे ते खोलीत होते, काकू दाराबाहेर ताट ठेवायच्या. अप्पा उठले, आणि उठले ते वेगळेच माणूस होऊन. भिंतीपलीकडून एक दिवस आवाज आला, "वा!" आम्ही दोघं जेवता जेवता थांबलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "वा! काय येळवणीची आमटी झालीय!" त्यानंतर हे रोजचंच झालं.

काकू बदलून गेल्या. चालणं बदललं, बोलणं वाढलं, आमच्याकडे वाटीभर काहीतरी येऊ लागलं. एकदा आलेली वांग्याची भाजी इतकी खारट होती की आम्ही ती पाण्यात धुऊन खाल्ली. त्याच भाजीला पलीकडे दोनदा "वा" झालं होतं. संध्याकाळी काकू स्वतःच आल्या आणि बायकोला म्हणाल्या, "भाजीत मीठ दोनदा पडलं गं बाई. पन ह्यांनी हूं की चूं केलं न्हाय. आधी ताट सरकिवलं असतं. माणूस शेवटाला का हुईना, निवतंय बग." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या बायकोनं ते बघितलं आणि त्या रात्रीपासून माझ्याकडे काहीशा अपेक्षेनं बघायला लागली. मी चांगलं आहे ते चांगलं म्हणत होतोच, पण "वा" मला साधत नाही.

आता माझ्या गाडीकडे येतो.

माझा मेव्हणा तेरखेड्याला असतो. फार प्रेमळ माणूस. गेल्या दिवाळीत आम्ही परत निघालो, तर त्यानं शेतातला डिझेलचा कॅनच गाडीत ठेवला. "घेऊन जा दाजी, वाटेत कशाला भरता." मी कॅन घरी आणला, पण ओतायच्या आधी पुस्तकातली ती तीन ठिकाणं आठवली. म्हणून बाटलीत थोडं काढून अप्पांकडे गेलो. वास मला आला होता. पण पेट्रोलपंपावर येतो तसाच आला, आणि डिझेलही पेट्रोलपंपावरच मिळतं, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

अप्पांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले. "कुठलं?" त्यांनी विचारलं.

"मेव्हण्याचं. शेतातलं."

"घरचंच की मग. सोनं हाय सर, ओता."

मी ओतलं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या कामाला धाराशिवला निघालो आणि वाटेत गाडीनं आधी एक दिवा लावला, मग दुसरा, मग आचका दिला आणि बंद पडली. ती ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. मिस्त्रीनं टाकीतलं थोडं डिझेल बाटलीत काढलं, लांबूनच वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "सर, ह्यात अर्धं पेट्रोल आहे. हे तर लहान पोरालाही नुसत्या वासावर कळतं. पंप गेला. आणि भेसळ असली की वॉरंटीत बसत नाही." पुढचा आकडा ऐकून मी पाणी मागितलं.

मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "हां दाजी, कॅनमध्ये आधी फवारणी पंपाचं पेट्रोल होतं, अर्धाएक कॅन. वरून डिझेल भरलं. दोन्ही गाडीतच घालतात ना?" त्याच्यावर रागावता येत नाही. म्हणून मी अप्पांवर रागावलो.

मिस्त्रीनं भरलेली ती बाटली घेऊन तडक त्यांच्या ओट्यावर गेलो. चारपाच ट्रॅक्टरवाले बसलेले होते. मी बाटली अप्पांच्या नाकासमोर धरली. "अप्पा, घ्या वास. कशाचा येतो?"

अप्पांनी वास घेतला. पुन्हा घेतला. माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू उत्तर तिथं लिहिलेलं असावं.

"पेट्रोल आहे ते! अर्धं पेट्रोल! लहान पोराला कळतं म्हणे, आणि तुम्ही सोनं म्हणालात!"

माझा आवाज चढला होता. पिठाचे हात तसेच घेऊन काकू दारात आल्या. अप्पांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग बाटलीकडे. "चुकलं माझं, सर," ते म्हणाले. "ध्यान नव्हतं."

कुणीतरी हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पंप भरवशाचा हाय, अप्पा न्हाय." मग सगळेच हसले. मी घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही. राग होताच, पण गोंधळ त्याहून मोठा होता. ज्या माणसाला बादलीभर डिझेलमधलं वाटीभर रॉकेल कळायचं, त्याला हे कसं कळलं नाही?

दुसऱ्या दिवशी पंप खोलणार होते. सकाळी मी एसटी स्टँडवर गेलो, तर अप्पा आधीच येऊन बसलेले. "म्या येतो," एवढंच म्हणाले.

मिस्त्रीनं पंप खोलून पांढऱ्या फडक्यावर ठेवला. आत चकचकीत भुकटी होती, चांदीच्या वर्खासारखी. अप्पांनी ती दोन बोटांत घेऊन चोळली. "लई चांगला पंप व्हता, सर," ते म्हणाले. घरातलं माणूस गेल्यावर बोलतात तसा आवाज होता.

बाहेर टपरीवर चहा घेतला. मला साखर वर्ज्य आहे, म्हणून एक बिनसाखरेचा सांगितला. पेले आले. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, पाकासारखा गोड. पेल्यांची अदलाबदल झाली होती. अप्पा मात्र दुसरा पेला शांतपणे संपवत होते. चहात तीन चमचे साखर नसेल तर हाच माणूस पूर्वी पेला परत पाठवायचा.

"अप्पा, साखर आहे का चहात?"

"हाय की. जरा जास्तीच हाय. वा, चा बरा करतोय ह्यो."

मी माझा पेला पुढं केला. ते पेल्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्यांना कळलं की मला कळलं.

"कधीपासून?"

"त्या तापापासून. समद्यांची आली परत, माझी न्हाय आली. वासबी न्हाय, चवबी न्हाय. काय बी खाल्लं तरी माती."

"मग डिझेल कसं सांगायचात?"

"बोटावर चोळून बगतो. रंग बगतो. कुठनं आणलं इचारतो. बाकी देवाचं नाव." ते थांबले. "म्या एकालाबी नापास केलं न्हाय त्यापासून. तुमच्या ध्यानात आलं न्हाय."

खरंच आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं.

"अहो, मग काल सांगायचं ना! जीभ गेलीय म्हणाला असतात तर कोण हसलं असतं?"

"ती दारात हुबी व्हती, सर."

मला लगेच उमगलं नाही.

"जलमभर तिच्या सैपाकाला नावं ठिवली म्या," अप्पा म्हणाले. "जीभ व्हती तवर ताटाकडं बगत व्हतो. जीभ गेल्यावर पैल्यांदा वर बगितलं, तर ती ताटापाशी हुबी राहून माज्या तोंडाकडं बगत व्हती. रोजच बगत आसंल. म्हून म्हनलं, वा. तिचं तोंड असं फुललं, सर... आता ती म्हनती, शेवटाला का हुईना तुमाला माज्या हातची चव कळली. तिला काय सांगू? कळली न्हाय, गेली? एका पंपापायी तिची इतकी वर्सं खोटी करू?"

मी त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला. माझा राग कुठं गेला मला माहीत नाही.

गाडीत नवा पंप बसला. अप्पांच्या ओट्यावर मात्र आता कुणी बाटली घेऊन येत नाही. स्टँडवरच्या हॉटेलात अजून विषय निघतो, "अप्पांनी सरांचा पंप खाल्ला," आणि सगळे माझ्याकडे बघतात, कारण हसायचा पहिला हक्क माझा. मी म्हणतो, चूक मेव्हण्याची. त्यावर ते जास्तच हसतात. खरं सांगता येत नाही, कारण ह्या गावात सांगितलेलं काकूंपर्यंत जायला दुपारही लागत नाही.

परवा काकू वाटी घेऊन आल्या. "लोकं ह्यांना हसायलेत," त्या बायकोला म्हणाल्या. "हसू द्या. डिझेल एकांदा चुकंल माणूस. पन माज्या हातची चव ह्यांना एकट्यालाच कळती." आणि पदर सावरत गेल्या.

आम्ही जेवायला बसलो. भाजीत मीठ अजिबात नव्हतं. बायकोनं पहिला घास घेतला आणि मिठाची वाटी पुढं ओढली. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "वा!" आणि त्यामागं काकूंचं हसू.

मी मिठाची वाटी बाजूला सरकवली आणि भाजी तशीच खाल्ली.