गद्रे सरांचे शर्ट

गद्रे सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि शर्ट असले घालायचे की आमच्या कॉलनीतली गाय बुजायची. जांभळ्यावर केशरी पट्टे, निळ्यावर पिवळे ठिपके. विचारलं की म्हणायचे, "ज्याला कवच नाही, त्यानं रंग घालावा. समुद्रातली गोगलगाय बघा. शंख टाकून दिलाय तिनं. पण रंग बघूनच मासे समजतात, ही खायची नाही."

माझी आई म्हणायची, "सर, नाशकात तुम्हाला कोण खायला बसलंय?"

सुट्टी लागली की सर एसटीनं डहाणूला जायचे आणि ओहोटीला खडक चाचपत बसायचे. गद्रेबाईंना दमा, त्यामुळे किनाऱ्याची दमट हवा त्यांना वर्ज्य. सर त्यांच्यासाठी गोगलगाई कुजू नयेत म्हणून औषध भरलेल्या बाटलीत घालून आणायचे, पण त्यात रंग उडून जायचा. बाई म्हणायच्या, "तुमच्या सगळ्या गोगलगाई उकडलेल्या लसणीसारख्या."

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात बाईंचा दमा फार बळावला. त्या दवाखान्यातून घरी यायच्या, त्याच्या आदल्या दिवशी सरांनी समुद्राच्या पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन एक जिवंत गोगलगाय आणली. "तिला एकदा जिवंत गोगलगाय बघू दे," ते म्हणाले. बाईंना आणायला जाताना ती काचेच्या बरणीत घालून, उरलेल्या पाण्याच्या कॅनसकट आमच्याकडे ठेवली. "नुसती बघत बसा. काही करू नका."

नेमकं तेच आमच्या आईला जमत नाही. मी चहा ठेवून बाहेर आलो, तर गोगलगाय तळाशी मुटकुळं करून पडलेली आणि आई पळी घेऊन शेजारी.

"हलेना रे. म्हटलं, जाताना तोंडात गंगा तरी पडू दे."

गोड्या पाण्यानं हा जीव मरतो, हे सरांनी सगळ्या कॉलनीला ऐकवलं होतं. मी बरणी ओतली, कॅनमधलं उरलेलं पाणी भरलं, चमच्यानं तिला अलगद आत सोडलं. ती हलेना. आई पुटपुटली, "गंगेनं कधी कोणी मरतं का?" तेवढ्यात आमच्या दारात रिक्षा थांबली.

बाई धापा टाकत खुर्चीत बसल्या. सरांनी बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

बऱ्याच वेळानं गोगलगाय सैल झाली. पाठीवर कल्ल्यांचं लाल फूल हळूहळू उमललं. निळं अंग, पिवळे ठिपके.

बाईंनी ती डोळे भरून पाहिली. मग सरांचा शर्ट पाहिला.

"निळा जमलाय," त्या म्हणाल्या. "ठिपके जरा मोठे झालेत."

आणि आम्हाला म्हणाल्या, "बाटलीत रंग राहत नाही ना. म्हणून डहाणूहून आले की तसलं कापड शोधायचं आणि शर्ट शिवायचा. मला दाखवायला."

सर बरणीत काहीतरी बघायला म्हणून वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.