मानेवर ताटली बांधणारे शालिकभाऊ

शालिकभाऊ घराबाहेर पडताना मानेमागे स्टीलची ताटली बांधत. जेवायची, साधी, काठ असलेली ताटली. ती मानेवर उभी धरायची, वरून दुपट्टा गुंडाळायचा आणि हनुवटीखाली गाठ मारायची. पाठीमागून पाहिलं की एखाद्या देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ वाटावी. कोणी हसलंच तर ते शांतपणे सांगत, "पाटील मानीलेच धरते, गुरुजी. दात ताटलीवर आपटले का तोच वापस जाते."

पाटील म्हणजे वाघ. शालिकभाऊ त्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की तो येतो, अशी त्यांची खात्री होती.

मी मुलचेऱ्याच्या शाळेत बदलून आलो तेव्हा शालिकभाऊ माझे शेजारी झाले. ढोरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते आणि त्यांना ढोरांचीच भीती वाटे. बैलाला इंजेक्शन द्यायचं तर डोळे मिटत, तोंड फिरवत आणि बैलाला म्हणत, "माफ कर बापा, साहेबानं सांगितलं." चपला घालण्याआधी त्या चमच्यानं ठोकून पाहत. विंचू असला तर! पंख्याखाली झोपत नसत. पंखा पडला तर! विहिरीत वाकून पाहत नसत. कारण विचारलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "जिवाचा स्पेअर पार्ट नाई भेटत, गुरुजी."

असा हा माणूस दर रविवारी सकाळी उठून, भर जंगलातल्या रस्त्यानं, पलीकडच्या बंगाली निर्वासितांच्या वस्तीत नाश्त्याला जाई. का, ते कुणालाच कळत नसे. मला वाटे, जिभेपुढे भीतीचंही काही चालत नसावं. तिथे एक म्हातारी मासी अंगणात चूल मांडून रसगुल्ले करी. हिवाळ्यात शिंदीच्या रसाचा गूळ आला की पाटीशाप्टाही करी. पाटीशाप्टा म्हणजे आत खोबरं-गूळ भरलेली मऊ घडीची धिरडी. वर्णन ऐकूनच माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"मलेबी न्या एखाद्या वेळी," मी त्यांच्याच भाषेत म्हणालो.

ते खूश झाले. "चाला ना! मांग कोनी बसलं का तेवढाच आधार. म्हंजे पाटलानं झडप घातली तं पयले तुमच्यावर पडन."

डिसेंबरची सकाळ होती. धुकं असं की स्कूटरचा दिवाही चार हातांवर विझल्यासारखा वाटे. शालिकभाऊंची ताटली माझ्या नाकासमोर. हँडलच्या आकड्याला एक कापडी थैली, माझ्या हातात त्यांची छत्री. थंडीत छत्री कशाला, असं मी विचारलंही होतं. "अस्वलासमोर फटकन उघडाची. त्याले वाटते, आपल्याहून मोठं जनावर आलं."

गाव संपलं आणि शालिकभाऊंनी जंगलाशी बोलणं सुरू केलं. प्रत्येक वळणावर हॉर्न आणि आरोळी. "येऊन राह्यलो बा! दोघं जन आहो! नाश्त्याले चाललो! कोनाले तकलीफ नाई देत!"

मी हसत होतो. पण रस्ता जसजसा आत गेला तसं माझं हसू आटलं. दोन्ही बाजूंनी बांबू रस्त्यावर वाकलेले. पानांवरून दव ठिबकत होतं आणि प्रत्येक थेंबाचा आवाज पावलासारखा वाटत होता. कुठेतरी एक वानर खाकरलं, मग दुसरं. शालिकभाऊंची आरोळी मध्येच तुटली.

"शालिकभाऊ, बोला ना काही," मी म्हणालो.

"चूप राहा, गुरुजी. वानर उगाच नाई खाकरत."

नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे बुटक्या पुलावर, स्कूटर खड्ड्यात आदळली. आम्ही पडता पडता वाचलो. थोडं पुढे गेलो आणि शालिकभाऊंनी कचकन ब्रेक दाबला. आकडा रिकामा होता.

"थैली!"

आम्ही वळून पाहिलं. रपट्याच्या अलीकडे थैली पडली होती. आणि तिच्यामागे, धुकं जरा विरळ झालं तिथे, रस्त्याच्या मधोमध तो बसला होता.

वाघ मी त्याआधी फक्त चित्रात पाहिला होता. चित्रातला वाघ डरकाळी फोडत असतो. हा काहीच करत नव्हता. नुसता बसला होता आणि आमच्याकडे पाहत होता. मी शालिकभाऊंचा खांदा गच्च धरला.

"चला," मी कसाबसा पुटपुटलो. "शालिकभाऊ, चला. थैलीचं मरू द्या."

शालिकभाऊ स्कूटरवरून उतरले. त्यांचे दात कडकड वाजत होते, मला ऐकू येत होतं. त्यांनी माझ्या हातातली छत्री घेतली. मी त्यांचा सदरा धरला.

"वेडे झाले का? नाश्त्यासाठी जीव देता?"

त्यांनी सदरा सोडवून घेतला. छत्री उघडली आणि ती पुढे धरून, थरथरत, ते त्या जनावराच्या दिशेनं चालू लागले.

"पाटीलसाहेब," त्यांचा आवाज फाटत होता, "मी शालिक. ढोरांच्या दवाखान्यातला. मले तुमचं काई नाई पायजे. माही थैली पडली. तेवढी उचलतो न् जातो. रागाऊ नोका."

वाघानं शेपटीचं टोक हलवलं. शालिकभाऊ थबकले. छत्री इतकी हलत होती की तिच्या काड्या खुळखुळत होत्या. मग ते आणखी एक पाऊल पुढे गेले. आणखी एक. वाघ उठून उभा राहिला तेव्हा मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा शालिकभाऊ थैली छातीशी धरून उलट्या पावलांनी येत होते. "बस, झालं. चाललो, साहेब. चाललो." वाघानं जांभई दिली, तो रपट्यावरून नाल्यात उतरला आणि धुक्यात मिसळून गेला.

शालिकभाऊ स्कूटरपाशी पोचले आणि मटकन खाली बसले. त्यांना उठताच येईना. शेवटी मीच स्कूटर चालवली. ते मागे बसून माझ्या पाठीला कपाळ टेकून राहिले.

मासी अंगणात चुलीपाशी होती. पांढरं लुगडं, हसरा चेहरा. "आशो, शालिकबाबू! आज बहुत देरी हुआ?"

तिनं मला रसगुल्ला दिला, पण मी तो तसाच बाजूला ठेवला. भीती उतरली होती, आता राग चढत होता. "मासी, विचारा यांना! वाघापुढून थैली आणली यांनी! आहे तरी काय तीत?"

मासीनं थैली पुढे ओढली. आतून डबा काढला, झाकण उघडलं. आत मूठभर सरगुंडे होते. कणकेची बारीक दोरी वळून, काडीवर गुंडाळून, वाळवलेली वेटोळी. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी करतात. तळाशी बराचसा चुराच होता.

"तुमच्या वहिनीनं केले होते," शालिकभाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले. "गेली त्या उन्हाळ्यात. दोन डबे भरून ठेवले न् मंग..." त्यांनी डब्याकडे बोट केलं. "हे शेवटचे आहे."

वहिनींविषयी ते माझ्याजवळ कधीच बोलले नव्हते. मी इथे आलो तेव्हा ते एकटेच होते. मीही कधी विचारलं नव्हतं.

"मंग घरीच काऊन नाई शिजवत?" मी विचारलं.

"भेव लागते," ते म्हणाले. "माह्या हातानं गिजगोळा झाला तं? एक मूठ वाया गेली तं तुमची वहिनी थोडीच परत करून देनार आहे?"

"हमार चुशी जैसाच है ये," मासी मला समजावत म्हणाली. तिच्याकडे तांदळाच्या पिठाच्या अशाच शेवया हातावर वळून दुधात शिजवतात. त्यामुळे पाणी किती उकळायचं, केव्हा उतरवायचं, हे तिला ठाऊक. दर रविवारी ती एक मूठ शिजवून देई.

तिनं सरगुंडे शिजवले, वर दूध आणि गूळ घातला. तीन वाट्या केल्या. शालिकभाऊंनी आपल्या वाटीतले अर्धे माझ्या वाटीत टाकले. "खा, गुरुजी. कुसुमच्या हातचं आहे." मी मान खाली घालून खाल्लं. त्यांनी वाटी बोटानं पुसून चाटली, आणि ती हातात तशीच धरून बसले.

मासी आत गेली. बाहेर आली ती परातीत मळलेली कणीक आणि खराट्याच्या धुतलेल्या काड्या घेऊन. परात तिनं त्यांच्यापुढे ठेवली.

"दिखाओ. कुसुम कैसे करती थी?"

"मले कुठी येते, मासी? मी नुसता बसून पाह्यत होतो."

"जो देखा, वोई दिखाओ."

शालिकभाऊंनी हात धोतराला पुसले. कणकेचा गोळा घेतला, दोरी वळायला गेले. तुटली. पुन्हा वळली, पुन्हा तुटली. मी म्हटलं, राहू द्या. त्यांना ऐकूच गेलं नसावं. ओठ हलत होते, जणू कुणी बाजूला बसून सांगत होतं आणि ते मनात म्हणत होते. मग एक दोरी तुटली नाही. त्यांनी ती काडीवर धरली आणि हळूहळू काडी फिरवत गेले. वेढे वाकडेतिकडे पडले, एक जाड, एक बारीक. पण शेवटपर्यंत पडले.

"अस्संच," ते म्हणाले. "अस्संच फिरवे कुसुम."

वेटोळं काडीवरून सुपात काढून वाळत घालायचं, म्हणून मासीनं ते सरकवायला हात पुढे केला.

शालिकभाऊंनी काडी मागे घेतली.

"थांबा, मासी," ते म्हणाले. "अजून काढू नोका."