रालित्साची जागा

मार्नीने बेकरीत फोन केला तेव्हा तिला एक लहानसा केक हवा होता, एवढंच.

"चार मेणबत्त्या मावतील इतकाच," ती व्हर्नाला म्हणाली. "आणि वर नाव लिही. रालित्सा. थांब, एकेक अक्षर सांगते."

व्हर्नाने अक्षरं लिहून घेतली. मग जरा दबकत विचारलं, "म्हणजे... ती?"

"हो, तीच. परवा चार वर्षांची होतेय."

"अगं बाई!" व्हर्ना म्हणाली आणि तिने फोन ठेवूनही दिला.

घोळ झाला तो इथे. मार्नी आणि तिचा नवरा ओरिन बल्गेरियातली एक मुलगी दत्तक घेताहेत, हे लिंडग्रोव्ह गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आता दोन वर्षं झाली होती. तपासणीवाल्या बाई चारदा घर बघून गेल्या होत्या आणि दर वेळी न्हाणीघरातल्या गरम पाण्यात थर्मामीटर बुडवत होत्या. ओरिनच्या बोटांचे ठसे तीनदा परत आले, कारण ट्रॅक्टर दुरुस्त करून करून त्याच्या बोटांवर ठसे म्हणावेत असं काही उरलंच नव्हतं. सगळं जमत आलं आणि तिकडचं कोर्ट उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेलं. आता निकाल सप्टेंबरातच. पण सप्टेंबरपर्यंत वाढदिवस थोडाच थांबणार होता? मार्नीने ठरवलं, करायचा. घरच्या घरी, चौघांत.

जुलैच्या दोन तारखेला व्हर्ना केक घेऊन स्वतः दारात आली. केक साधारण टपालपेटीएवढा होता आणि त्यावर गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, 'घरी स्वागत, रालित्सा!'

"व्हर्ना, ती आली नाहीये अजून."

"कळलं, कळलं," व्हर्ना कुजबुजत म्हणाली. "झोपलीये ना? केवढा प्रवास झाला असेल लेकराचा! मी निघाले." आणि ती चवड्यांवर चालत पायऱ्या उतरून गेली.

दुपारपर्यंत स्वयंपाकघरात तीन परातींएवढं बटाट्याचं सॅलड, दोन हॅम आणि रेवाचिनी भरलेल्या पाच गोड पाई जमा झाल्या. घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला मार्नी दारात गाठून सांगत होती, "आली नाही हो अजून, कोर्ट बंद आहे." त्यावर कुणी समजूतदारपणे मान हलवायची, कुणी ओठांवर बोट ठेवायची. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने तर गवत कापायचं यंत्र बंद करून टाकलं. ओरिनची आई आर्डिस टेबलाशी बसून हे सगळं बघत होती. तिने एका पाईचा तुकडा कापून घेतला.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "नसलेल्या मुलीचा केक कशाला मागवायचा? आता गावभर हसं."

"ती नसलेली नाहीये, आर्डिस. इथे नसलेली आहे."

"मला तर दोन्ही एकच दिसतं. दोन वर्षं नुसता फोटो बघतेय मी."

"मम्मी," सात वर्षांची टिली खिडकीतून ओरडली, "डेलबर्टकाका आलेत. त्यांच्या हातात कागद आहे!"

डेलबर्ट चार जुलैच्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीचा प्रमुख. गेली बावीस वर्षं तो तेच काम करत होता आणि बावीस वर्षं त्याचा कार्यक्रम एका अक्षरानेही बदलला नव्हता. या वर्षी मात्र त्याने बदलला होता. छापील कागद मार्नीपुढे धरून तो अभिमानाने म्हणाला, "दुसरा नंबर दिलाय तुम्हाला. अग्निशमनची गाडी, मग तुम्ही. डुक्करपालक संघाने निवडलेल्या राणीला तिसऱ्यावर ढकललं. रडली ती. पण मी म्हटलं, नाही म्हणजे नाही."

"डेलबर्ट, मुलगी इथे नाहीये."

"आज नको. चार तारखेला आणा." आणि तोही गेला.

रात्रीच्या जेवणाला हॅम होतं. ओरिनने तीन घास खाल्ले आणि काटा खाली ठेवला. चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की त्याच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. ते आताच उठले होते.

"मी डेलबर्टला फोन करतो. सांगतो, गैरसमज झाला. नाही येत आम्ही."

"बरोबर," आर्डिस म्हणाली. "राणीला तिची जागा परत मिळेल."

मार्नीने इतका वेळ ऐकून घेतलं होतं. खरं तर दोन वर्षं ऐकून घेत होती. दवाखान्यात, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर एकच प्रश्न, "काही कळलं का?" आणि उत्तर ऐकल्यावर तीच कीव करणारी नजर. जणू ती एखादं न येणारं पार्सल शोधत होती.

"कुणी फोन करणार नाही," ती म्हणाली. "आपण जायचं."

"कुणाला घेऊन?" ओरिनने विचारलं.

"तिच्यासाठी घेतलेली गाडीतली सीट घेऊन."

"रिकामी?"

"आहे तशी. लोकांना बघायचंय ना? बघू देत. मी दोन वर्षं घरात बसून थांबले, आता रस्त्यावर थांबते!"

आर्डिसने चमचा बशीत टाकला. "मी येणार नाही. मी कोपऱ्यावर माझी खुर्ची टाकून बसेन आणि कुणी विचारलं तर म्हणेन, हे लोक माझ्या ओळखीचे नाहीत."

"आजी, पण तुझं आडनाव आमचंच आहे," टिली म्हणाली.

चार तारखेला सकाळी दहालाच ऊन असं होतं की डांबराला बुटांचे तळ चिकटत होते. ओरिनने गवताच्या गंज्या वाहायचा ट्रेलर ट्रॅक्टरला जोडला. लाल सीट गाडीतून काढून मधोमध दोरीने आवळली. तिचं बक्कल उन्हात तापून टिलीच्या बोटाला चटका बसला, तशी मार्नीने सीटवर बागेतली मोठी छत्री बांधली. पाटी तिने स्वतः रंगवली होती: 'ही जागा रालित्साची आहे. कोर्ट सुट्टीवर आहे. आम्ही नाही.'

ओरिनने ती दोनदा वाचली. "जरा जास्त होतंय का?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला. चट्टे कानांपर्यंत पोचले होते.

पहिल्या दोन गल्ल्या नीट पार पडल्या. टिली मूठमूठ गोळ्या उधळत होती. लोक टाळ्या वाजवायला हात उचलत, मग पाटी वाचत, मग हात तसेच राहत. मार्नी ताठ उभी राहून सगळ्यांना हात करत होती. आणि बँकेच्या सावलीत जिथे मिरवणुकीला बक्षिसं देणारे परीक्षक बसले होते, नेमक्या त्याच जागी ट्रॅक्टर दोनदा खोकला आणि बंद पडला.

गावातला सगळ्यात चांगला मेकॅनिक असलेला ओरिन भर चौकात इंजिनात डोकं घालून उभा राहिला. अग्निशमनची गाडी पुढे निघून गेली. मागे राणीची गाडी खोळंबली, तिच्यामागे शाळेचा बँड. त्यांना फक्त दोन धुना येत होत्या. त्यांनी पहिली संपवली, दुसरी संपवली आणि परत पहिली धरली. आता सगळ्या गावाला त्या ट्रेलरकडे बघण्यावाचून दुसरं काही उरलं नाही.

"मुलगी कुठाय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. कुणीतरी हसलंही.

मार्नी ट्रेलरच्या कडेशी आली. तिने कमरेवर हात ठेवले.

"पाच हजार मैलांवर!" ती बँडच्या वरताण ओरडली. "आज येणार नाही! सप्टेंबरात आली तर ठीक, नाही तर पुढच्या वर्षी हीच सीट घेऊन परत येईन! त्याच्या पुढच्या वर्षीही येईन! डेलबर्ट, नंबर राखून ठेव!"

बँड गोंधळून थांबला. मग व्हर्नाने दोन्ही हात गालांवर नेले. "अगं बाई, म्हणजे ती खरंच आली नाहीये!" बँड थांबलेला, त्यामुळे ते बँकेपासून चर्चपर्यंत ऐकू गेलं.

त्यानंतर हसू फुटलं, पण वेगळं. समोरच्या घरातला म्हातारा शेजारच्याला सांगत होता, "दोन दिवस मी गवत कापलं नाही!" पहिल्या रांगेतल्या एका बाईने आपल्या पोराच्या पिशवीतून मूठभर गोळ्या काढल्या आणि ट्रेलरवर टाकल्या, सीटच्या दिशेने. मग दुसरीने टाकल्या. गोळ्यांचा वर्षाव उलटा सुरू झाला आणि टिली कावरीबावरी होऊन वेचत सुटली.

तेवढ्यात बँकेच्या सावलीतून डेलबर्ट पहिल्या बक्षिसाची निळी फीत घेऊन धावत आला. परीक्षक तिघेही सत्तरीच्या पुढचे होते. छत्रीखालचं त्यांना काही दिसलं नव्हतं आणि ऐकायचं यंत्र एकाच्याच कानात होतं. त्यांनी निकाल आधीच लिहून टाकला होता. डेलबर्टने भोंगा तोंडाशी धरून वाचला, "पाच वर्षांखालच्या गटात, सबंध मिरवणुकीत एकदाही न रडलेलं एकमेव मूल..."

मग त्याने वाकून छत्रीखाली बघितलं. फीत त्याच्या हातात लोंबत राहिली.

"मार्नी, हे... म्हणजे तुमचं सगळं बरोबर आहे. पण मला वाटतं, हे दुसऱ्या नंबरच्याला..."

"दुसरा नंबर कुणाला?" मागून आवाज आला.

आर्डिस होती. कोपऱ्यावरून भर उन्हात, घडीची खुर्ची काखेत मारून, गर्दीला कोपरांनी बाजूला सारत ती आली होती. कुणाचीही मदत न घेता ती ट्रेलरवर चढली आणि डेलबर्टपुढे उभी राहिली.

"मूल हजर पाहिजे, असं नियमात लिहिलंय?"

"तसं... लिहिलेलं नाही."

"रडली का ती?"

"नाही."

"मग दे इकडे." आर्डिसने फीत ओढून घेतली, लाल सीटच्या पट्ट्याला नीट टाचली आणि छत्री जराशी वाकडी करून सीटवर सावली पुरती आणली. खुर्ची उघडून तिच्या शेजारी बसली. मार्नीकडे तिने बघितलंच नाही.

"ओरिन," ती ट्रॅक्टरकडे बघून ओरडली, "काय करतोयस केव्हाचा? चालू कर तो डबा. माझी नात उन्हात बसलीये!"