रायाजीराव शून्याच्या माळास गेले त्याची हकीकत

श्रीविद्युल्लता प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासी जे वर्तमान वर्तले ते पदरचे काही न घालता लिहिले ऐसीजे.

नखाएवढ्या चिपेवर एक राज्य होते. वीज आली की तेथे उजाडे, आणि वीज गेली की सारे मावळे, आणि मागील दिवसाची आठवण कोणास उरत नसे. राज्यात सरदार चार. पैकी थोरले खेलोजीराव आपेआप जागे होत आणि बाकीचे तिघे अंगणात घोरत पडत, शिंग वाजल्याखेरीज कूसही पालटीत नसत. उठले म्हणजे रीत एकच. भिंतीतल्या आपल्या कोनाड्यात हात घालावा आणि चिठी सांगेल तिकडे चालते व्हावे, कशास म्हणून पुसू नये. कोनाडा रिता लागला तर शून्याचा माळ गाठावा, ऐसा जुना पाठ होता. आणि त्या माळावर गेला तो परतला नाही. चौघे चौकीवर उभे राहिल्याशिवाय महाराज तख्तावर बसत नसत. ती तजवीज पहाटेचे कारभारी अंताजीपंत यांजकडे.

पंतांनी हुकूम बांधिले ते ऐसे की, आधी कोण निजला कोण जागा याचा शोध घ्यावा, आणि मग जाण्याचे ठिकाण लिहावे, आणि मग शिंग फुंकावे. खेलोजीराव हसोन बोलिले, "पंत, इतका पसारा कशास? ऊठ म्हटले म्हणजे जाहले!" पंत म्हणाले, "रावसाहेब, ऊठ म्हणता उठेल खरा, परंतु जाईल कोठे?"

बोलणे शहाणपणाचे, परंतु पंतांस एक खोड. खेप वाचावी म्हणोन लिहिली चिठी कोनाड्यात न टाकिता आपल्याच पागोट्यात खोचीत. त्या दिवशी पागोटे गच्च भरले तेव्हा जागा करावी म्हणोन दोघांच्या चिठ्या काढोन कोनाड्यांत टाकिल्या, आणि तिसरे रायाजीराव यांची पागोट्यातच राहिली, आणि पंतांनी शिंग फुंकिले. दोघे नीट चौकीवर गेले. रायाजीरावांनी रित्या कोनाड्यात हात फिरविला आणि मुकाट माळाची वाट धरिली. पंत मागे धावले, "अहो रायाजीराव, फिरा! चिठी मजपाशी आहे!" परंतु सरदारास हाक ऐकण्याची आज्ञा नव्हती. ते दिसेनासे जाहले आणि पंतांस रडू कोसळले.

आता देवडीवर एक चोपदार असे. वेळेत तख्त भरले नाही तर तो घंटा देई, आणि राज्य मावळोन नव्याने उजाडे. पंतांस उमजले की घंटा होता रायाजीराव अंगणात परत येतील खरे, परंतु आपण ही चूक विसरू आणि पुन्हा त्यांस माळावर धाडू, आणि ऐसे रोज. पंतांचे हुकूम जीवर कोरले होते ती देवडीची शिळा तेवढी मावळत नसे. पंतांनी छिन्नी घेतली आणि हुकुमाच्या पाठातच खोदिले, "शिंगाआधी पागोटे कोनाड्यांत झाडावे. रायाजीस जपावे." शेवटले अक्षर पुरे होते तों घंटा जाहली.

पुन्हा उजाडले. पंतांनी शिळा वाचिली आणि कपाळास आठ्या घातल्या. "पागोटे झाडावे? हे कोण्या भित्र्याने लिहिले? आणि हा रायाजी कोण, आमचा काय लागतो?"

खेलोजीराव बोलिले, "तो काय, अंगणात घोरतो आहे."

शिळेचा हुकूम मोडता येईना. पंतांनी कुरकुरत पागोटे झाडिले आणि मग शिंग फुंकिले. रायाजीरावांनी जांभई दिली, कोनाड्यातून चिठी काढिली आणि पंतांकडे न पाहता चौकीवर जाऊन उभे राहिले. महाराज तख्तावर बसले. मग पहाटेचे काम सरले म्हणोन रिवाजाप्रमाणे पंतांचे घर मोडोन ती जागा महाराजांच्या कोठीकडे लागली.

एकूण मजकूर इतकाच. राज्य चालले आहे, रायाजीराव चौकीवर आहेत. शिळा कोणी खोदिली हे तेथे कोणास ठाऊक नाही, खोदणारासही नाही.