घंटाचोराची रिक्त जागा

इटलीतील कालाब्रियाच्या डोंगरातील कास्तेल्वेंतो या गावाने ठराव करून जाहीर केले की, परदेशातून आपली मुळे शोधत येणाऱ्या प्रत्येक वंशजास एक घर, एक नातेवाईक आणि एक थडगे सन्मानपूर्वक दाखवण्यात येईल. ठराव एकमताने संमत झाला. दुसरे मत बाळगण्याइतकी माणसे गावात उरलेली नव्हती.

गावात सगळ्यांचे आडनाव त्रिपोदी. त्यामुळे माणूस ओळखला जाई तो घराण्याच्या टोपणनावाने. म्हातारा गवंडी कोझिमो हा ‘घंटावाल्यां’चा. त्याचे आजोबा पुराच्या दिवशी गाव जागे करण्यासाठी देवळाची घंटा बडवत राहिले आणि मनोऱ्यावरून कोसळून गेले. दुसरे घराणे ‘घंटाचोरां’चे. गाव सुतकात असताना त्यांच्या मूळपुरुषाने तीच घंटा वितळवून विकली, बोटीचे तिकीट काढले आणि तो अर्जेंटिनाला निघून गेला.

अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेसहून दंतवैद्य एर्नेस्तो त्रिपोदी आले. त्यांना टोपणनाव विचारण्यात आले.

“नक्की आठवत नाही,” ते म्हणाले. “आजी घंटेचं काहीतरी सांगायची.”

चौकातील सर्व म्हाताऱ्यांनी एकदम आपापल्या कॉफीत डोकावून पाहिले.

“देवळाला नवी घंटा द्यावी, असंही मनात आहे.”

सरपंचबाई ओर्सोला यांना त्या क्षणी वंशशास्त्राचा साक्षात्कार झाला. “म्हणजे तुम्ही घंटावाल्यांचे,” त्या म्हणाल्या. दंतवैद्यांना लगोलग कोझिमोच्या आजोबांच्या थडग्यावर नेण्यात आले. तेथे ते अत्यंत व्यवस्थित रडले.

संध्याकाळी कोझिमो सरपंचबाईंच्या दारात उभा राहिला.

“ओर्सोले, माझा आजा देऊन टाकलास?”

“दिला कुठे, काका? वाटून घेतला म्हणा. आजोबा काय झिजतात होय?”

“आणि थडगं? माझी फिलोमेना आहे त्यात. तिच्या शेजारची जागा माझी आहे.”

“ती त्यांनी मागितलीय. वंशज आहेत ना आता. काकूंची काळजी करू नका, त्यांनाही नात्यात धरलंय.”

“मग मी कोण?”

सरपंचबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. “घंटाचोरांची जागा रिकामी आहे, काका. पाहुणे विचारतात, चोर कुठल्या घरातला? दाखवायला कोणी नको? तुम्हाला तर आडनावसुद्धा बदलावं लागणार नाही.”

कोझिमोच्या दारावर ‘घंटाचोरांचे घर’ अशी पाटी लागली. आधी लोक हसले. मग पावाच्या दुकानात त्याच्या पिशवीत डोकावून पाहू लागले. पाद्रीबाबांनी दानपेटी त्याच्या बाकापासून दूर हलवली. ज्यांच्या भिंती त्याने बांधल्या होत्या, तेही म्हणू लागले, “माणूस चांगला आहे, पण रक्त कुठे जाईल?”

नव्या घंटेला आशीर्वाद देण्याच्या दिवशी कोझिमोने दंतवैद्यांना मनोऱ्याखाली गाठले आणि खरे काय ते सांगितले.

“माहीत आहे, काका,” दंतवैद्य हळूच म्हणाले. “आजी मरताना सगळं सांगून गेली.”

“मग एवढ्या लांब आलात कशाला?”

“चोर तर घरातच होता. त्याच्यासाठी कोण समुद्र ओलांडतो?”

घंटा वाजली. आवाज उत्तम होता. फिलोमेनेच्या शेजारची जागा ब्वेनोस आयरेसच्या नावे राखून ठेवण्यात आली. कोझिमोसाठी दफनभूमीच्या कुंपणालगत, नळाजवळ सोय झाली.

त्यानंतर आलेले पाहुणे कोणी धर्मगुरूंच्या, कोणी शूर शिपायांच्या, आणि बहुसंख्य घंटावाल्यांच्या वंशातले निघाले. घंटावाल्याला एकच मूल होते, ही अडचण कोणीही उपस्थित केली नाही.

वाचकांपैकी कोणास आपली मुळे शोधावयाची असल्यास त्यांनी अवश्य यावे. आपण कोणाचे वंशज, हे आल्यावर ठरवता येईल. कोणाचे नव्हे, याची मात्र काळजी नसावी. चोराची जागा भरलेली आहे.