काचेच्या बुटाचं माप

आमचे शेजारी लांजेवारकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे. सदर बाजारातल्या एका चपलांच्या दुकानात त्यांची उभी हयात गेली. माझ्या लग्नात नवरीला त्यांनी आशीर्वाद दिला तो असा : "पाच नंबर. पंजा रुंद हाय, पट्ट्याचीच घेत जाय वं."

निवृत्त झाल्यावर काका दर रविवारी संध्याकाळी कॉलनीतल्या पोरांना गोष्ट सांगू लागले. एकच. फ्रान्सची, जुनी, सावत्र आईकडे राबणाऱ्या पोरीची. राजवाड्यात नाचून पळताना तिचा काचेचा बूट पायरीवर राहतो आणि राजकुमार तो घेऊन घरोघर फिरतो. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. काकांकडून ऐकेपर्यंत मलाही होती.

कारण काकांच्या गोष्टीत तो बूट कोणाच्याच पायात बसेना. "नाचून नाचून पाय फुगते. सकाळी तोच बूट ढिला होते. मंग राजकुमारानं माप सकाळी काहून घेतलं?" पोरं विचारायची, पुढे? पुढे राजकुमार कामठीला जाई, तिथून कन्हानला. एका रविवारी तर बुटीबोरीच्या सगळ्या कामगार बायांचे पाय मोजून झाले. "बूट डावा होता का उजवा, थेच कोणाले माहीत नाई," काका हताश होऊन म्हणत. पोरांचा गोंधळ, माझा त्याहून जास्त. मला तर ती पोरगी होती की नव्हती इथूनच शंका यायला लागली.

अशात माझी पुण्याला बदली झाली. आमची सात वर्षांची लेक मिनू घर सोडायचं म्हणून रडली नाही, पण शेवटच्या रविवारी काकांसमोर हटून बसली.

"शेवट सांगा. मी उद्या जाऊन राहिली."

"घाई काहून करून राहिली वं?"

"सांगा ना!"

काका बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सायंकाळी नेला, बसला. गेली थे त्याच्यासंगं." आणि तडक घरात निघून गेले. मिनू खूश झाली. मला काही कळेना. एवढं सोपं होतं, तर बिचाऱ्या राजकुमाराला दोन वर्षं कशाला हिंडवलं?

सकाळी दारात ट्रक उभा आणि मिनूची एक निळी सँडल गायब. बांधलेली तीन खोकी सोडली. बायकोने रीतसर माझ्यावर खापर फोडलं. शेवटी नाद सोडून काकांचा निरोप घ्यायला गेलो, तर सँडल त्यांच्या खिडकीत. पुसून लख्ख केलेली, टाच आत, तोंड रस्त्याकडे.

"काका, ही आमची..."

"मीच आणली." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "दुकानात आम्ही बाहेर एकच मांडत होतो गा. दुसरीसाठी गिऱ्हाईकाले आत यावंच लागते."

मला एकदम पुण्याला जाऊच नये असं वाटलं. सँडल सापडली नाही, असं घरी सांगायचं मी ठरवलं आणि वळलो.

"आन आयक," काका मागून म्हणाले, "लेकराचा पाय लवकर वाढते. हे बसते तोवर घेऊन येजो तिले."