प्रात्यक्षिकापुरती काडी

आपल्याला काय झालं आहे हे माणसाला वेळेवर कळलं, तर निम्मी दुखणी वाटेतच आटोपतात. आणि दुसऱ्याला काय झालं आहे हे कळलं, तर उरलेली निम्मी पुष्कळच सुसह्य होतात. या सर्वमान्य सत्याच्या पायावर राजधानीला लागून असलेल्या चितुंगविझा वसाहतीचं तरुणस्नेही आरोग्य केंद्र उभं आहे. (उभं म्हणजे दर गुरुवारी, वसाहतीच्या हॉलमध्ये. इतर दिवशी तिथे कराटे, चर्चची गायनमंडळी आणि लग्नं असतात.)

केंद्राची तरुणस्नेहता शास्त्रशुद्ध आहे. दवाखान्यात तरुण येत नाहीत, कारण तिथे रांगेत आईची मैत्रीण भेटते, असा निष्कर्ष राजधानीतल्या एका हॉटेलात तीन दिवस जेवून काढण्यात आला. म्हणून सगळ्या सेवा तरुणांच्या दाराशी आणल्या: एचआयव्हीची तपासणी, गुप्तरोगांवर औषधं, कंडोम, गर्भनिरोधक गोळ्या, सॅनिटरी पॅड, एक तीन पायांचं टेबल-टेनिसचं टेबल आणि मोठ्या आवाजात गाणी. येणाऱ्यांपैकी निम्मे गाण्यांसाठी येतात, काही पॅडसाठी आणि बाकीचे कोण कोण आलंय ते बघायला. आईच्या मैत्रिणींची यामुळे मोठी सोय झाली. पूर्वी त्यांना दवाखान्यापर्यंत चालत जावं लागे.

गोपनीयतेबाबत केंद्र कडक आहे. तपासणीच्या जागेला पडदा आहे. तो जमिनीपासून गुडघाभर वर संपतो (कापड देणगीत आलं होतं, आणि देणगीचं कापड कुणी मोजून घेत नाही), त्यामुळे आत बसलेल्याचं तोंड दिसत नाही, फक्त बूट दिसतात. आमच्या वसाहतीत माणूस तोंडापेक्षा बुटांवरून आधी ओळखतात. तरुणांनी यावर आत जाताना एकमेकांचं पायताण घालण्याचा उपाय काढला. अहवालात त्याची नोंद 'तरुणांमधील परस्पर सहकार्य' अशी आहे. निळ्या पट्ट्यांचा एक चपलांचा जोड तर इतक्या वेळा तपासून आला, की त्याच्या मूळ मालकिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. ती स्वतः अजून एकदाही आत गेलेली नाही.

या सगळ्या कार्याचा कणा म्हणजे तरुण-संघटक लर्नमोर झिंडोगा. संघटक स्वतः तरुण असावा असा नियम आहे, आणि तरुण म्हणजे सोळा ते चोवीस. लर्नमोर नोकरीला लागला तेव्हा चोवीसचा होता, आणि नियमाचा मान राखून तो आजतागायत चोवीसचाच आहे. तो टोपी उलटी घालतो. खुर्चीवरून उठताना मात्र गुडघ्यावर हात ठेवतो. पोरांनी आपल्याला 'दोस्त' म्हणावं अशी त्याची फार इच्छा आहे. पोरं मामा म्हणतात, आणि त्यातली चांगल्या घरची उठून बसायला जागा देतात. ते त्याच्या मनाला लागतं.

त्याची खरी कीर्ती एचआयव्हीच्या तपासणीच्या काडीमुळे झाली. ही काडी वरच्या हिरडीवरून एकदा, खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायची, द्रवाच्या नळीत उभी करायची आणि वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर विषाणू आढळला नाही. दोन उमटल्या तर पडद्यामागे सिस्टर चिवेशे रक्त घेऊन खात्री करून घेतात. लर्नमोर हे सगळं स्वतःच्या तोंडात काडी घालून दाखवतो. त्याचं भाषण पंधरा मिनिटांचं. ते संपलं, की तो स्वतःची काडी डब्यात टाकून देतो आणि खिशातून एक रेघ असलेली तयार काडी काढून सगळ्यांना दाखवतो. (वेळ वाचतो. तयार काडी कुणाची, ते गोपनीय आहे.) अशा रीतीने तो चितुंगविझातला सर्वाधिक वेळा तपासलेला माणूस ठरला, आणि स्वतःचा निकाल त्याने एकदाही पाहिलेला नाही.

याचं कारण मेव्हिस. तिच्याबरोबर तो दोन वर्षं राहिला. ती खोकत गेली, वाळत गेली आणि एक दिवस गेलीच. तिच्या घरचे छातीचा आजार म्हणाले. कुठला, ते लर्नमोरने विचारलं नाही; आणि पुढे तो इतरांनी विचारावं म्हणून पगारावर फिरू लागला. त्याला भीती वाटते, एवढंच आहे. रोज एक गोळी घेतली तर माणूस नातवंडं खेळवतो, विषाणू इतका दबतो की जोडीदारालाही लागण होत नाही, हे तो पोटतिडकीने सांगतो आणि ते खरं असल्याचं त्याला पक्कं ठाऊक आहे. फक्त एक माणूस सोडून ते बाकी सगळ्या वसाहतीला लागू आहे, असं त्याला वाटतं.

मागच्या एका गुरुवारी रुवाराशे नावाची मुलगी आली. वय एकोणीस. तिचा मित्र सीमेपलीकडे कामाला गेला होता आणि तिथून 'तूही एकदा बघून घे' एवढाच निरोप त्याने पाठवला होता. ती दोन रात्री झोपली नव्हती. लर्नमोरचं भाषण तिने नीट ऐकलं, पुढे केलेली काडी मात्र घेतली नाही. तिने फोन काढला.

आमच्याकडे असल्या गोष्टी मुलीशी बोलायचं काम तिच्या आत्याचं असतं. आईही ऐकते, पण दुसऱ्या खोलीतून. हल्ली निम्म्या आत्या इंग्लंडात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेल्या आहेत, म्हणून ती रिकामी जागा केंद्राने लर्नमोरला देऊन भरली. हे आत्यांना कुणी कळवलं नव्हतं.

रुवाराशेच्या फोनचा कानाशी लावायचा स्पीकर बिघडला होता, फक्त मोठा चालायचा, त्यामुळे इंग्लंडातल्या तिच्या फेलिस्टास आत्या साऱ्या हॉलला ऐकू आल्या.

"कोण गं तिथं शिकवायला?"

"लर्नमोरमामा."

"झिंडोगांचा? मेव्हिसबरोबर असायचा तो? त्याला दे."

कुणीतरी गाणं बंद केलं. लर्नमोरने फोनपुढे दोन्ही हातांनी हलकेच टाळ्या वाजवल्या, वडीलधाऱ्यांपुढे वाजवतात तशा.

"नमस्कार, आत्या."

"टोपी उलटीच असेल तुझी. नीट घाल आधी." त्याने घातली. "तुझी तपासणी झालीय का रे?"

"माझी तर दर गुरुवारी होते, आत्या."

"मग काय निघालं?"

लर्नमोर म्हणाला, की निकाल ही ज्याची त्याची खाजगी बाब असून केंद्राच्या धोरणानुसार...

"धोरण तुझ्या साहेबाला सांग. तू बघितलंस का, एवढंच विचारतेय."

"ती प्रात्यक्षिकापुरती असते, आत्या. टाकून देतो मी."

पलीकडे आत्यांनी कुणा म्हाताऱ्याचा टीव्ही बारीक केला.

"बाळा," आत्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज उतरला होता, "इकडे यायच्या आधी मी तुमच्या शेजारीच होते, मेव्हिसला शेवटी शेवटी मीच आंघोळ घालायचे. तू सूप घेऊन यायचास आणि दाराबाहेर उभा राहायचास. आत कधी आला नाहीस. मी तेव्हा काही बोलले नाही, पोरगं घाबरलंय म्हणून सोडून दिलं. पण आता माझ्या भाचीला तू काय धीर देणार?"

लर्नमोरने सांगितलं, की आपण आत्ताच मक्याच्या लाह्या खाल्ल्यात आणि खाल्ल्यावर पंधरा मिनिटं काडी चालत नाही.

"थांबू की, मामा," रुवाराशे म्हणाली. "मलाही कुठं जायचंय?"

सगळेच थांबले. मग त्याने काडी फिरवून नळीत ठेवली, तिने आपली फिरवून शेजारी ठेवली, आणि केंद्राच्या इतिहासात प्रथमच सबंध वीस मिनिटं वाट बघण्यात आली. या अवधीत काय करावं याबद्दल धोरणात काही नाही. आत्या तिकडे म्हाताऱ्याला भरवत होत्या, चमच्याचा आवाज येत होता. लर्नमोर बघता बघता चाळिशीचा दिसू लागला. पोरांसमोर रडू नये म्हणून तो छताकडे बघत राहिला आणि तरी रडला.

"मामा, गोळी रोज एकच असते ना?" रुवाराशेने विचारलं.

"एकच."

"जेवणाआधी का नंतर?"

"केव्हाही चालते. वेळ तेवढी चुकवायची नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली.

वीस मिनिटं भरली. दोघांनी आपापली काडी पाहिली. निकाल काहीही असला तरी प्रत्येकाशी आत बसून बोलायचं, हा सिस्टर चिवेशेंचा शिरस्ता. त्यांनी आधी एकाला आणि मग दुसरीला आत घेतलं.

"बघितलं?" बाहेर आल्यावर आत्यांनी विचारलं.

"बघितलं," दोघं म्हणाली.

"मग दोघंही काहीतरी खाऊन घ्या आता." आणि फोन बंद झाला.

कुणाच्या काडीवर किती रेघा होत्या, ते इथे सांगता येणार नाही. हॉलमधल्या पोरांनीही विचारलं नाही. त्यांनी आपापल्या काड्या घेण्यासाठी रांग लावली. वाचकाने मात्र मान उंच करून दोन्ही नळ्यांत डोकावून पाहिलं, हे नजरेतून सुटलेलं नाही. आपली माणसं आहात, तुमचं चुकलं असं कोण म्हणेल? तरी जाता जाता एवढंच, की दुसऱ्याच्या रेघा मोजण्यात तुमची जी काही सात-आठ मिनिटं गेली, तेवढ्यात तुमची स्वतःची काडी जवळजवळ निम्मी झाली असती.